पाऊल अडतं तेव्हा: पार्किन्सन्समधलं चालणं, पोक आणि तोल

बाबा जिना सरसर चढायचे आणि सपाट जमिनीवर, दाराच्या चौकटीत येऊन खांबासारखे उभे राहायचे. घरात सगळ्यांना वाटायचं, हे मुद्दाम करताहेत. मलाही वाटायचं. मी हात धरून ओढायचे, "चला ना बाबा, काय झालं आता?" म्हणायचे, आणि ते आणखीच रुतायचे. अशी दोन वर्षं गेली. मग एक दिवस फिजिओथेरपिस्टने त्यांच्या पावलांपुढे स्वतःचा पाय आडवा ठेवला आणि म्हणाली, "काका, हा ओलांडा." बाबांनी तो ओलांडला आणि सरळ चालायला लागले. मी बघतच राहिले.

त्या दिवशी जे कळलं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आपण चालतो तेव्हा पाऊल उचलण्याचा विचार करत नाही. मेंदूच्या आत खोलवर बेसल गँग्लिया नावाचे भाग आहेत, ते हे काम परस्पर उरकतात. पार्किन्सन्समध्ये त्यांना डोपामिन, म्हणजे मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन, कमी पडतं आणि चालण्याचं 'आपोआप' निघून जातं. पायात ताकद असते, फक्त हुकूम पोचत नाही. पण समोर ओलांडायला काहीतरी असलं, कानावर ठेका पडला, किंवा माणसाने ठरवून पाऊल टाकलं, तर मेंदू दुसऱ्या वाटेने तेच काम करून घेतो. जिन्याची प्रत्येक पायरी म्हणजे ओलांडायची एक रेघच. म्हणून जिना जमतो आणि मोकळी खोली जमत नाही. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये अशा एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली होती, ज्याला चार पावलं चालणं मुश्किल होतं पण सायकल झकास चालवता येत होती. तेव्हा "नाटक करताय" हे वाक्य घरातून आधी हद्दपार करा.

मराठीत या आजाराच्या माणसाला 'शुभार्थी' आणि त्याला सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. मला हे शब्द आवडतात, पुढे तेच वापरते.

१. नेमकं काय बिघडलंय ते बघायला शिका

"चालता येत नाही" हे डॉक्टरांना सांगून उपयोग नसतो. चालणं पाच-सहा वेगवेगळ्या तऱ्हांनी बिघडतं आणि प्रत्येकाचा इलाज निराळा असतो.

बहुतेकदा सुरुवात हातापासून होते. चालताना एक हात हलेनासा होतो, बहुधा ज्या बाजूला आजार आधी दिसला त्याच बाजूचा. मग पावलं लहान होतात, टाच आधी टेकायच्या ऐवजी अख्खा तळवा घासत जातो. वळताना मान, खांदे, कंबर एकामागून एक न वळता सगळं अंग लाकडी ठोकळ्यासारखं एकदम फिरतं आणि त्यासाठी बरीच बारीक पावलं लागतात.

पुढच्या टप्प्यात दोन गोष्टी येऊ शकतात. एक म्हणजे थिजणं: पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, बहुधा काही सेकंदच, पण वरचं अंग मात्र पुढे निघालेलं असतं. दुसरी म्हणजे धावत सुटणं: पावलं लहान लहान आणि भरभर होत जातात, माणूस जणू स्वतःच्या तोलामागे पळत असतो आणि त्याला थांबता येत नाही. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, त्यातच पुढे वाकणं आणि चालता चालता पळायला लागणं, या दोन्ही गोष्टी आहेत.

शरीराची ठेवण हा वेगळा विषय, त्यावर आठव्या पायरीत बोलू. आणि तोल हा त्याहून वेगळा. डॉक्टर शुभार्थीच्या मागे उभे राहून खांदे झटक्याने मागे ओढतात ते याचसाठी. एक-दोन पावलांत सावरलं तर ठीक. (ही चाचणी घरी करून बघू नका. आमच्याकडे एका हौशी पाहुण्यांनी केली आणि दोघंही सोफ्यावर पडले. सोफा होता म्हणून बरं.) मार्गरेट होन आणि मेल्विन यार यांनी १९६७ मध्ये आजाराचे पाच टप्पे सांगितले. फाइलवर 'स्टेज ३' लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ, तोल बिघडायला लागला आहे पण माणूस अजून आपलं आपण करू शकतो.

२. व्हिडिओ काढा, वही घाला

दवाखान्यात गेल्यावर बाबा रुबाबात चालायचे. डॉक्टर म्हणायचे, "चांगलं आहे की!" घरी आलो की उंबऱ्यात पुन्हा तेच. हे जवळजवळ प्रत्येक घरात होतं. नव्या जागी, डॉक्टरांसमोर, माणूस सगळं लक्ष चालण्यावर लावतो आणि थोडा वेळ ते जमतं. म्हणून घरचा व्हिडिओ न्या. खुर्चीतून उठणं, तीन मीटर चालणं, वळणं, परत येऊन बसणं, एवढं एका तुकड्यात घ्या. समोरून आणि बाजूने, पाय दिसतील असं. एक व्हिडिओ पार्किन्सन्सची गोळी चढलेली, म्हणजे तिचा परिणाम चालू असताना, एक उतरलेली असताना. प्रत्येकाच्या सुरुवातीला वेळ आणि शेवटची गोळी कधी घेतली ते मोठ्याने बोला.

डॉक्टरांकडे जाताना माझ्या पिशवीत हे असतं:

- सध्याच्या सगळ्या औषधांची यादी, मात्रा आणि घ्यायच्या वेळेसकट. रक्तदाबाची, झोपेची, लघवीची, मळमळीची गोळीसुद्धा, आणि दुकानातून सहज आणलेलीही.
- आठवड्याभराची वही: गोळी कधी घेतली, किती वेळाने चढली, कधी उतरली, कधी थिजले.
- पडण्याची नोंद वेगळ्या पानावर.
- झोपून आणि उभं राहून मोजलेला रक्तदाब.
- जुने एमआरआय आणि इतर तपासण्यांचे अहवाल, चष्म्याचा नंबर.
- तीन प्रश्न, लिहून. तीनच. जास्त नेले की महत्त्वाचा राहून जातो.

३. आजार एवढाच आहे ना, ते तपासून घ्या

चालणं बिघडलं की सगळा दोष पार्किन्सन्सवर टाकायची सवय लागते. तिथेच फसगत होते.

पहिला सापळा औषधांचा. बाबांना चक्कर येते म्हणून एका डॉक्टरांनी चकरेची गोळी दिली. दोन महिन्यांत चालणं इतकं खालावलं की आम्ही व्हीलचेअर बघायला लागलो. गोळीत सिनारिझिन होतं, आणि ते डोपामिनच्याच कामात आडवं येतं. फ्लुनारिझिन, मळमळीवर दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, मानसिक त्रासावरचं हॅलोपेरिडॉल, ही त्याच माळेतली. ही नावं एका कागदावर लिहून शुभार्थीच्या पाकिटात ठेवा आणि कुठलाही डॉक्टर नवीन गोळी लिहून देईल तेव्हा कागद पुढे करा. लाज वाटू देऊ नका.

दुसरा, रक्तदाब. पाच मिनिटं आडवं झोपवून मोजा, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर उठल्यावर तोल जाण्याचं कारण पायात नसून रक्तदाबातही असू शकतं. हे पार्किन्सन्समध्ये सर्रास होतं आणि त्यावर उपाय करता येतात.

तिसरी गोष्ट जरा गंभीर. आजार सुरू झाल्यावर पहिल्या वर्षातच वारंवार पडणं, लेव्होडोपाची (डोपामिनची उणीव भरून काढणारी या आजारावरची मुख्य गोळी) पुरेशी मात्रा देऊनही काहीच फरक न पडणं, पाय फाकवून चालणं, नजर वर-खाली नेता न येणं, यातलं काही असेल तर पार्किन्सन्ससारखा दिसणारा दुसरा आजार असू शकतो. मेंदूत पाणी साठल्यानेही चाल अशीच अडखळते आणि त्यावर शस्त्रक्रियेचा इलाज असतो. न्यूरॉलॉजिस्टला थेट विचारा. आणि चालणं हळूहळू न बिघडता दोन-चार दिवसांत एकदम बिघडलं तर वाट बघू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, डोक्याला लागलेला मार, पक्षाघात, यातलं काहीही असू शकतं.

४. गोळीचं घड्याळ लावा

हे थोडक्यात. लेव्होडोपा वेळेवर आणि शक्यतो जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा तासाभराने, कारण जेवणातली प्रथिनं आणि ही गोळी आत शिरायला एकाच दाराशी गर्दी करतात. मोबाइलवर गजर लावा. चालायचं, आंघोळ, बाहेर जाणं हे सगळं गोळी चढलेल्या वेळेत बसवा. गोळी मनाने बंद करू नका, एकदम थांबवली तर खूप ताप आणि अंग कडक होण्याचा जिवावरचा प्रसंग येऊ शकतो.

थिजणं गोळी उतरल्यावरच होतं की गोळी चढलेली असतानाही, एवढं वहीत नक्की लिहा. पहिल्या प्रकारात डॉक्टर गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलून बरंच काही करू शकतात. दुसऱ्यात औषध वाढवून सहसा भागत नाही, तिथे पुढच्या पायऱ्याच कामाला येतात. मेंदूतल्या शस्त्रक्रियेबद्दल, म्हणजे डीबीएसबद्दल (यात मेंदूत बारीक तारा बसवून सौम्य विजेचे स्पंद देतात), हाच नियम ढोबळमानाने लागू पडतो: जे लेव्होडोपाने सुधारतं ते त्यानेही सुधारण्याची शक्यता असते. तोल जातो म्हणून शस्त्रक्रिया करून घ्यायची, असा हिशेब मांडू नका.

५. चालायला नव्याने शिका

"सरळ चाला", "पाय उचला", "हळू", "समोर बघा". शुभंकर एका दमात या चार आज्ञा देतो आणि शुभार्थी जागीच थांबतो. एका वेळी एकच सूचना. आणि त्यातली सगळ्यात कामाची म्हणजे: मोठं पाऊल. मोठं पाऊल टाकायचं ठरवलं की टाच आपोआप आधी टेकते, वेग सुधारतो, हातही थोडे हलतात. आजारामुळे हालचालींचं माप मेंदूत लहान झालेलं असतं. शुभार्थीला जे 'अतीच मोठं' वाटतं ते बघणाऱ्याला साधारण दिसतं. बाबा म्हणायचे, "मी परेडमध्ये चालतोय असं वाटतंय." मी म्हणायचे, "तसंच वाटू दे."

यानंतर ठेका. एका मिनिटात शुभार्थी किती पावलं टाकतो ते दोन-तीनदा मोजा. बाबांची ९६ भरली. मोबाइलवर मेट्रोनोमचं ॲप असतं, ते तेवढ्याच आकड्यावर लावा आणि प्रत्येक टिकटिकीला एक पाऊल. जमलं की फिजिओथेरपिस्टला विचारून आकडा जरा बदला. धावत सुटण्याचा त्रास असेल तर आकडा वाढवायचा नाही, उलट कमी करायचा. ठसठशीत ठेक्याचं आवडीचं गाणंही चालतं, पण ठेका सारखा बदलणारं नको. काहींना मनात "एक-दोन, एक-दोन" म्हणणं पुरतं.

तिसरं, एका वेळी एकच काम. चालताना बोलणं, फोन घेणं, हातात भरलेला पेला, खिशात किल्ली चाचपणं, यातलं काहीही चालण्यावरचं लक्ष पळवतं आणि पाऊल चुकतं. आम्ही घरात नियम केला: बाबा चालत असतील तर त्यांना हाक मारायची नाही. नातवंडांना हे सगळ्यात आधी समजलं. मोठ्यांना वेळ लागला.

व्यायाम लवकर सुरू करा, चालणं बिघडण्याची वाट बघू नका. ताई चीचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. पार्किन्सन्सच्या १९५ रुग्णांवर २४ आठवडे, आठवड्यातून दोनदा. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांच्या तुलनेत ताई चीवाल्यांचा तोल सुधारला आणि ते कमी पडले. ताई चीच हवी असं नाही. नाच, पायांच्या ताकदीचे व्यायाम, मोठ्या हालचालींचे व्यायाम, जे आवडेल आणि टिकेल ते. मात्र तोल बिघडलेला असेल तर पहिले काही आठवडे पार्किन्सन्सचा अनुभव असलेल्या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली.

६. पाय थिजले तर

थिजण्याच्या जागा ठरलेल्या असतात: पहिलं पाऊल, दार, अरुंद बोळ, वळण, खुर्चीशी पोचतानाचं शेवटचं पाऊल, लिफ्ट, गर्दी. आणि घाई. फोन वाजला, दारावरची घंटा वाजली, लघवीला जोरात लागली की हमखास. घरातल्या अशा जागांची यादी करा. आमची सहा निघाली.

थिजल्यावर करायचं ते क्रमाने, आणि हे बसल्या बसल्या आधी पाठ करून ठेवायचं:

थांबा. पुढे रेटू नका. पाय अडलेत आणि अंग पुढे निघालंय, त्यातूनच माणूस तोंडावर पडतो.

श्वास सोडा आणि ताठ व्हा. टाचा टेकल्यात का बघा, थिजताना भार चवड्यांवर गेलेला असतो.

डोला. भार उजव्या पायावर, मग डाव्यावर, घड्याळाच्या लंबकासारखा. एका पायावर भार पूर्ण गेला की दुसरा उचलायला मोकळा होतो.

मग एक मोठं पाऊल. पुढे जमत नसेल तर आधी किंचित बाजूला टाका आणि मग पुढे.

याच्या जोडीला प्रत्येकाची आपली युक्ती सापडते. समोरच्या फरशीची रेघ ओलांडायची असं ठरवणं, शुभंकराने आपला पाय आडवा ठेवणं, "एक, दोन, तीन" म्हणून तिनावर निघणं, काठीतून जमिनीवर लेसरची रेघ पाडणं. एखादी युक्ती आज चालते आणि महिन्याभराने चालत नाही, तेव्हा दोन-तीन हाताशी ठेवा. काठी उलटी धरून मुठीवरून पाऊल टाकायची युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेलच. काहींना जमते, पण त्यात अडखळायची भीती आहे, आम्ही केली नाही.

आता शुभंकराने काय करायचं. ओढायचं नाही. मागून ढकलायचं नाही. समोर उभं राहून दोन्ही हात धरून उलटं चालायचं नाही, कारण तोल गेला तर दोघंही जाता. शेजारी, किंचित मागे उभं राहायचं, आपला कोपर द्यायचा आणि शुभार्थीला तो धरू द्यायचा. "थांबू या. डोलू या. आता मोठं." एवढंच, सावकाश आवाजात. आणि घड्याळ बघायचं नाही. ते शुभार्थीला दिसतं, आणि पाय आणखी रुततात.

७. वळणं, उठणं, बसणं

बाबा जास्तीत जास्त पडले ते वळताना. जागच्या जागी गिरकी घ्यायची नाही, मोठा अर्धगोल घेऊन चालत चालत वळायचं, बैलगाडी वळवतात तसं. जागा नसेल तर घड्याळ कल्पायचं: तुम्ही मधोमध उभे, पाऊल १२ वर, मग ३ वर, मग ६ वर. प्रत्येक वेळी पाय उचलून. एक पाय दुसऱ्यावरून आडवा जाऊ द्यायचा नाही.

खुर्चीतून उठताना: आधी पुढच्या कडेला सरका, पाय गुडघ्यांच्या थोडे मागे घ्या, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाका, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात दाबा आणि उठा. उठल्यावर लगेच निघायचं नाही, मनात पाच मोजायचे. बसताना खुर्चीवर दुरूनच झेप घेण्याची सवय लागते, ती मोडा. दोन्ही पायांच्या मागच्या बाजूला खुर्ची लागेपर्यंत मागे या, हात मागे नेऊन खुर्ची धरा, मग बसा.

८. पोक आणि कलणं

पाठ किंचित वाकणं बहुतेकांना येतं. पण काही जण कंबरेतून किंवा पाठीतून इतके पुढे वाकतात की समोरच्याचा चेहरा दिसत नाही, काहींची मान छातीवर येते, तर काही एका बाजूला कलतात. बाजूला १० अंश किंवा त्याहून जास्त कल आणि झोपल्यावर तो जाणं, याला डॉक्टर पिसा सिंड्रोम म्हणतात, त्या कललेल्या मनोऱ्यावरून.

घरी एक साधी पाहणी करता येते. पाठीवर सपाट झोपवा. वाक किंवा कल गेला तर हाडं अजून मोकळी आहेत, स्नायूंची ओढ आणि मेंदूची चुकलेली अटकळ यांचा तो परिणाम आहे. झोपूनही तसाच राहिला तर मणक्याची तपासणी हवी. दोन्ही बाबतींत डॉक्टरांना दाखवा, आणि कल नवी गोळी सुरू झाल्यानंतर आला असेल तर तारखेसकट सांगा. काही औषधांनी असा कल येतो आणि ती बदलल्यावर तो कमी होऊ शकतो.

"ताठ उभे राहा" असं दिवसातून पन्नास वेळा सांगून काहीही होत नाही, हे मी दोन वर्षं सांगून बघितलंय. शुभार्थीला आपण ताठच आहोत असं आतून वाटत असतं. आरसा कामाचा. भिंतीला टाचा, कुल्ले आणि खांदे टेकवून उभं राहणं कामाचं, दिवसातून तीन-चार वेळा, एकेक मिनिट. पोटावर झोपणं जमत असेल तर तेही. खुर्ची खोल आणि मऊ नको. मोबाइल मांडीवर धरून बघू नये, डोळ्यांच्या उंचीवर आणावा. कमरेचा पट्टा स्वतः आणून घट्ट बांधू नका, चुकीच्या पट्ट्याने स्नायू आणखी आळसावतात आणि श्वासही अडतो.

९. घर

थिजण्याच्या जागी जमिनीवर ठळक रंगाच्या टेपच्या आडव्या पट्ट्या लावा, चालण्याच्या दिशेला काटकोनात. अंतर शुभार्थीच्या एका चांगल्या पावलाएवढं. बाबांना दीड फूट बसलं. चालण्याच्या दिशेनेच जाणाऱ्या उभ्या रेघांचा उपयोग होत नाही, आमच्या सुताराने हौसेने तशा लावल्या होत्या. पायपुसणी आणि सुटी सतरंजी काढून टाका. दारापाशी गर्दी नको: चपलांचा ढीग, स्टूल, कुंडी सगळं हलवा. बिछान्यापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा. बाथरूममध्ये आधाराचे दांडे भिंतीत पक्के बसवलेले हवेत, टॉवेल अडकवायचा दांडा आधाराला धरू नये. आंघोळीला खुर्ची.

१०. पायात आणि हातात काय

चप्पल नको, मागून बंद असलेला, पायाला नीट बसणारा, हलका बूट हवा. तळ घसरणारा नको हे सगळ्यांना कळतं, पण फार पकड असलेला रबरी तळही नको. पाय घासत चालणाऱ्याचा चवडा त्याने जमिनीला अडकतो. बायफोकल चष्म्यातून पाय बघताना पायरी भलतीकडेच दिसते, चालण्यासाठी वेगळा चष्मा डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.

काठी आणि वॉकर स्वतःच्या मनाने आणू नका. आम्ही आणला, उचलून पुढे ठेवायचा चारपायी वॉकर. उचला, ठेवा, पाऊल टाका, हा क्रम म्हणजे एकदम तीन कामं. बाबा पहिल्याच दिवशी त्यात अडकून मागे पडले. चाकांचा वॉकर पावलांची लय तोडत नाही, पण धावत सुटणाऱ्याच्या हातात तो पुढे पळतो. अशांसाठी हात सोडला की आपोआप ब्रेक लागणारे वॉकर असतात. फार वाकणाऱ्यांना कोपर टेकवता येतील असे उंच वॉकर बरे पडतात. फिजिओथेरपिस्टसमोर, गोळी चढलेली आणि उतरलेली अशा दोन्ही वेळी चालवून बघा, मगच घ्या.

११. पडल्यावर

लगेच उचलू नका. काखेत हात घालून तर मुळीच नाही, खांदा निखळतो आणि तुमची कंबरही जाते. दोन मिनिटं तिथेच पडू द्या, बोला, कुठे दुखतंय विचारा. पाय आखूड दिसतोय, बाहेर वळलाय, कंबरेत असह्य दुखतंय, तर हलवू नका, रुग्णवाहिका बोलवा. डोक्याला लागलं असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर वरून काही दिसत नसलं तरी रुग्णालयात न्या. तिथे भरती झालात तर लेव्होडोपाच्या वेळा पहिल्याच नर्सला लिहून द्या.

काही लागलं नसेल तर: कुशीवर वळवा, कोपरावर, मग हात-गुडघ्यांवर. समोर पक्की खुर्ची आणून ठेवा. दोन्ही हात बैठकीवर, बळकट पाय पुढे, जोर लावून उठणं, वळून बसणं. खुर्ची तुम्ही धरा, उठायचं काम त्यांना करू द्या. हे बरे असताना गादीवर एकदा करून बघा. हाडं ठिसूळ आहेत का, ड जीवनसत्त्व किती आहे, हे डॉक्टरांना विचारून तपासून घ्या. पार्किन्सन्समध्ये हाड मोडण्याचा धोका जास्त असतो.

आणि वहीत लिहा: वेळ, जागा, काय करत होते, शेवटची गोळी कधी. लिहायचा कंटाळा येतो, विशेषतः पडून काही लागलं नसेल तेव्हा. आमच्याकडे वही घातल्यापासूनच्या पहिल्या वर्षात अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या सात बाथरूमच्या दाराशी, पहाटे साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान. डॉक्टरांनी बाकी फाइल बाजूला सारली, तेवढं एक पान दोनदा वाचलं आणि रात्री झोपतानाची गोळी बदलून दिली. आम्ही त्या दारात तीन पट्ट्या लावल्या आणि बिछान्याशी लघवीचं भांडं ठेवलं. त्यानंतरच्या वर्षी त्या दाराशी बाबा एकदाच पडले, आणि तेही दिवे गेले होते म्हणून.